सहा नारळ आणि मेणाची डबी

चौदापैकी नऊ निघाले, एक मोडला आणि चार अडून बसले.

हळद परवावर आली होती. थोरव्यांच्या दारात मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या, भिंतींना पांढरी माती लागली होती, आणि घरात नवरीच्या शालूपेक्षा जास्त बोलणं त्या चार स्टडांचं चाललं होतं. स्टड कशाशी खातात हे आठ दिवसांमागं अख्ख्या अंथुर्ण्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आता कालव्यावर धुणं घेऊन गेलेल्या बायकाही छबूबाईला विचारत, "किती निघालं गं आज?"

छबूबाईच्या धाकट्या दिरानं, सोपाननं, घरच्यांना एकदाच नीट समजावलं होतं. इंजिनाच्या अंगातून बोटाएवढ्या जाड चौदा सळ्या उभ्या वर येतात. त्यांच्यावरून इंजिनाचं झाकण बसतं, आणि वरून चाक्या, म्हणजे नट, आवळून ते दाबून धरतात. ह्या सळ्या म्हणजे स्टड. झाकण दोन दिवस रॉकेल पाजून, लाकडी हातोड्यानं ठोकून कसंबसं निघालं होतं. पण खाली पाहावं तर सळ्या गंजून मधेच बारीक झालेल्या. असल्या सळ्यांवर झाकण आवळलं तर मोटार निमगावसुद्धा गाठणार नाही, वाटेतच वाफ सोडून बसेल. बारामतीहून नव्या चौदा सळ्या कातून आणल्या होत्या. पण जुन्या निघाल्याशिवाय नव्या बसवणार कुठं?

मोटार हिंदुरावांची. छबूबाईचे मालक, सोपानचे मधले भाऊ. बारामती ते इंदापूर त्यांनी ती पाच वर्षं उतारूंसाठी चालवली. लासुर्ण्याच्या वळणावर भोंगा वाजला की छबूबाई इकडं तवा ठेवायची, आणि मोटार दारात येईपर्यंत पहिली भाकरी टोपल्यात पडलेली असायची. नऊ वर्षांच्या सारजाला मांडीवर घेऊन, तिच्या हातात चाक देऊन ते म्हणायचे, "सारजे, तुला नांदायला ह्याच मोटारीतनं सोडणार. बैलगाडीतनं जायाचं न्हाय माझ्या लेकीनं." मग एका पावसाळ्याच्या अगदी शेवटी मोटारीचं इंजिन बसलं, आणि ते दुरुस्त करायच्या आधीच कार्तिकात तापानं हिंदुराव गेले. सहा वर्षं मोटार गोठ्याशेजारच्या छपरात उभी होती. आता सारजा सोळाची झाली होती आणि बावड्याच्या मोहनरावांच्या थोरल्या मुलाला दिली होती. बापाचा शब्द मात्र छपरात गंजत पडला होता, आणि तो छबूबाईला झोपू देत नव्हता.

थोरल्या सर्जेरावांनी आपला निकाल केव्हाच दिला होता. वऱ्हाडाच्या बैलांना छप्पर हवं. बारामतीचा लोखंडवाला हळदीच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येणार आणि मोटार मोडीत घेऊन जाणार. सोपान बारामतीच्या मोटारींच्या कारखान्यातून पंधरा दिवसांची रजा काढून आला होता. त्यानं थोरल्या भावाचे पाय धरले, तेव्हा सर्जेराव एवढंच म्हणाले, "लोखंडवाला यायच्या आदी मोटार चालू झाली तर झाली. न्हायतर मी कुणाचं ऐकणार न्हाय." आणि गुऱ्हाळाकडं निघून गेले. मोटारीचं नाव निघालं की ते नेहमी कुठंतरी निघूनच जात.

छबूबाईनं त्यांना काही सांगावं म्हटलं तर ते शक्यच नव्हतं. अठरा वर्षांत तिचं नि सर्जेरावांचं एक शब्द बोलणं झालं नव्हतं. भांडण नव्हतं, रीतच तशी. भाया आणि धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत. तिनं पदर पुढं ओढायचा, त्यांनी मान वळवायची, आणि मधे तिसरं माणूस हवं. हे तिसरं माणूस म्हणजे सर्जेरावांची बायको, थोरली जाऊ कुशाबाई. दोघं एकाच सोप्यात पाच हातांवर असत, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येई, तरी प्रत्येक वाक्य कुशाबाईच्या तोंडातून जायचं. आणि जाता जाता कुशाबाई त्यात आपल्या पदरचा मीठमसाला घालायची. तिला ह्या कामाचा भारी अभिमान होता. माझ्यावाचून ह्या घराचं पान हलत नाही, असं ती शेजारणींना सांगे, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या शुक्रवारी सकाळी सोपान इंजिनावर पालथा पडून उरलेल्या चार सळ्यांच्या बुडाशी खिळ्यानं खरवडत होता. छबूबाई त्याच्यासाठी भाकरी घेऊन आली तेव्हा त्यानं तळहातावर काहीतरी काढून उन्हात धरलं होतं.

"वयनी, हे बगा तरी. काय हाय हे?"

छबूबाईनं वाकून पाहिलं. गंजाच्या चुऱ्यात काळसर शेंडीचे दोन धागे, करवंटीचा नखाएवढा तुकडा आणि चिमूटभर वाळलेलं कुंकू.

"नारळ," सोपान म्हणाला. "कुणीतरी ह्या इंजिनावर नारळ फोडलाय. एक डाव न्हाय, लई डाव. पाणी चाक्यांच्या बुडातनं आत मुरलंय. मागच्या अंगाच्या नऊ सळ्या कशा निघाल्या? तिकडं पाणी गेलंच न्हाय. ह्या पुढच्या पाचांवरच समदं सांडलंय. नारळाचं पाणी म्हंजी लोखंडाला इख हाय इख!"

छपराच्या तोंडाशी सर्जेराव उभे होते. ते कधी आले हे कुणाला कळलं नव्हतं. छबूबाईनं पदर ओढला आणि खांबाआड झाली.

"कुणी फोडला?" सर्जेरावांनी विचारलं.

"मला काय ठावं दादा? मी सहा वर्षं बारामतीत."

सर्जेरावांनी हाक मारली तशी कुशाबाई पिठाचे हात पदराला पुसत आली. मागोमाग सारजाही आली. लग्न ठरलेल्या मुलीनं उन्हात जायचं नसतं, पण तिला आजवर कुणी अडवू शकलं नव्हतं.

"इचार घरात समद्यांस्नी," सर्जेराव बायकोला म्हणाले, "ह्या मोटारीवर नारळ कोण फोडत हुतं. खंडेनवमीला पूजा मी करतो. नांगर, कुळव, कोयता, गुऱ्हाळाचा चरक. मोटारीला मी हात लावला न्हाय कधी. मग हे कुणाचं काम?"

कुशाबाईनं खांबाकडं पाहिलं. खांबाआडून लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. मग तिनं कमरेवर हात ठेवले.

"मी फोडला," ती म्हणाली. "काय म्हणनं हाय?"

"तू?"

"व्हय, मीच. घरात लोखंडाचं एवढं धूड उभं. त्याला नारळ नगं? नांगराला देता, तिला का न्हाय?"

सर्जेराव बायकोकडं बघतच राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात कुशाबाईनं देवालाही कधी नारळ उगीच फोडलेला नव्हता. नारळ म्हटला की आधी चटणी दिसणारी बाई ती. सोपानला हसू आवरेना, म्हणून त्यानं तोंड बोनेटात घातलं.

छबूबाईला मात्र राहवेना. आपल्यामुळं नवऱ्याची मोटार अडली हे तिला कळलं होतं, आणि त्यात दुसरीनं बोलणी खावीत हे तिच्यानं बघवेना. ती खांबाआडूनच बोलली, पण आवाज सगळ्या छपरात ऐकू गेला.

"आक्का, सांगा त्यास्नी, नारळ मी फोडला. दरसाली. खंडेनवमीला तुमची पूजा आटपली की मी मागनं यायाची, बोनेट उघडायची आन् त्याच्यावर फोडायची. विधवेनं पूजेला शिवायचं न्हाय, म्हणून कुणाला सांगितलं न्हाय. मालक असतानी दरसाली मोटारीवरच फोडायचे, पुढच्या बंपरवर. पर मला बंपर कुठं नि इंजिन कुठं काय कळतंय? म्हणलं, ज्याच्या जोरावर चालती त्यालाच पोचावा. सहा नारळ फोडले मी. सहा साल."

रीतीप्रमाणं हे सगळं आता कुशाबाईनं नवऱ्याला सांगायचं होतं. कुशाबाई वळली आणि अगदी सरळ तोंडानं म्हणाली, "ती म्हणती, चुकून झालं."

"ऐकलं मी," सर्जेराव म्हणाले. त्यांनी करवंटीच्या त्या तुकड्याकडं पाहिलं. "मग तू का म्हणलीस मी फोडला म्हणून?"

"निम्मा माझाच हुता! दर खंडेनवमीला देवळीत एक नारळ जास्तीचा कोण ठेवत हुतं? आपोआप उगवत हुता व्हय?"

आता छबूबाई खांबाआडून बाहेरच आली. सहा वर्षं तिला वाटत होतं, देवळीतला नारळ कमी झालेला कुणाच्या लक्षात येत नाही. कुशाबाईच्या स्वयंपाकघरात लसणीची पाकळी हलली तरी गावाला कळायचं, तिथं अख्खा नारळ!

"आक्का, तुमास्नी ठावं हुतं?"

"पैल्या सालापासनं. तुला वाटतंय, थोरवे घराण्यात तूच एकटी हुशार?"

सारजा एवढी मोठ्यानं हसली की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. सोपान हसत खाली बसला. सर्जेरावांनी मिशीवर हात फिरवला. मिशीखाली काय चाललंय हे झाकायला त्यांना तेवढं पुरे. पण लोखंडवाल्याला नको म्हणायला ते तयार नव्हतेच. "हसा. इतवारी सकाळी गाडी येतीया," म्हणाले, आणि या खेपेला ते गुऱ्हाळाकडं गेले नाहीत, छपराच्या सावलीत बाजेवर टेकले.

सोपान पुन्हा कामाला लागला. पेट्रोलची टाकी केव्हाच रिकामी करून दूर ठेवली होती. एका सळीवर त्यानं दोन चाक्या चढवल्या, एकमेकींवर घट्ट आवळल्या, म्हणजे खालच्या चाकीला पाना लावला की सळीच फिरायला हवी. त्यानं जोर लावला. सळीनं कण्हल्यासारखा आवाज काढला. सोपाननं लगेच पाना सोडला. कालचा एक स्टड असाच मोडला होता. पान्याला लांब नळी लावून भीम झाल्यासारखा जोर केला होता त्यानं, आणि त्याचं फळ बोटभर उंचीवर तुटलेलं समोर उभं होतं.

"कारखान्यातला उस्ताद असता तर शिव्या घातल्या असत्या," तो घाम पुसत म्हणाला. "तो म्हणायचा, गंजलेल्या आट्यात रॉकेल वरच्या वर राहतंय. लोखंड तापवावं, लाल व्हायच्या अगुदर थांबावं, आन् बुडाशी मेण टेकवावं. मेण वितळून आपसूक आत ओढलं जातं. पर मेण आणायचं कुठनं? उस्ताद मेणबत्त्या वापरायचा. हितं मेणबत्ती कुणाकडं? कालव्याच्या साहेबाकडं असंल फार तर."

"मेण?" कुशाबाई म्हणाली. "मेणाला साहेब कशाला पाहिजे? मी कपाळाला काय लावती मग, चिखल?"

कुंकू पक्कं बसावं म्हणून कपाळाला आधी मेण लावायचं, ही तर घरोघरची गोष्ट. पण आठ दिवस इंजिनावर पालथं पडलेल्या माणसाच्या डोक्यात बायकांचा करंडा येईल कसा? कुशाबाई धावत गेली आणि करंड्यातली डबी घेऊन आली. डबीच्या तळाशी नखाएवढं मेण उरलेलं. लग्नाच्या बाजारात नवं आणायचं म्हणून तिनं जास्तीचं ठेवलंच नव्हतं.

सोपाननं कारखान्यातून मागून आणलेली पंपाची बत्ती पेटवली. रॉकेल भरून पंप मारला की तिच्या तोंडातून निळी जोत सूं-सूं करत सुटायची. सळीच्या बुडाभोवती त्यानं जोत फिरवली, मग मेण टेकवलं. मेण पिवळं होऊन पळालं, धूर झाला, मध जळाल्यासारखा वास सुटला. सोपाननं पाना लावला. आधी थोडं आवळलं, मग थोडं सोडलं. पुन्हा आवळलं, पुन्हा सोडलं. कर्र झालं. सळी केसभर हलली. मग बोटभर. आणि मग, सहा वर्षं कुणाला दाद न दिलेली ती सळी फिरत फिरत वर आली आणि सोपानच्या हातात पडली.

सारजानं टाळ्या पिटल्या. कुशाबाई म्हणाली, "बघितलंस? माझ्या कपाळाचं!"

पण डबी रिकामी झाली होती. तीन सळ्या आणि एक मोडकी अजून बाकी होती. इंदापूरचा बाजार रविवारचा, आणि कपाळाचं मेण शेजारणीकडं मागायचं नसतं. सारजाच्या नव्या करंड्यात मेण होतं, ते आणायला ती उठलीसुद्धा. पण कुशाबाईनं तिचा हात धरला. नवरीचं मेण लग्नाआधी मोडायचं नाही. सारजा रडकुंडीला आली. सोपाननं बत्तीचा पंप सोडला आणि जोत विझली.

छबूबाई उठून घरात गेली.

तिची पेटी माळ्याखाली होती. तळाशी, घडी केलेल्या हिरव्या लुगड्यात एक पितळी डबी होती. हिंदुरावांनी शेवटच्या फेरीत इंदापूरहून आणलेली. भोंगा वाजवत आले होते, मोटार वाफा टाकत होती, तरी आधी डबी तिच्या हातात दिली आणि मग इंजिनाला शिव्या दिल्या. तिनं ते मेण जेमतेम पंधरा-वीस दिवस लावलं. मग कपाळ पुसलं गेलं, आणि डबी पेटीत गेली. सहा वर्षांत तिनं ती उघडली नव्हती. आता उघडली. मेणावर तिच्याच बोटाचा खळगा तसाच होता. छबूबाई तिथं पेटीशी बसून पोटभर रडली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं की हे रडणं दुःखाचं नव्हतं. जपून ठेवलेली वस्तू कशाच्या तरी कामी येणार होती.

ती छपरात आली आणि डबी सोपानच्या पुढं धरली.

सोपाननं हात मागं घेतला. "वयनी, ही तर... हिंदूदादानं आणलेली. ही नगं."

"त्यांच्याच मोटारीला लागतंय, भावजी. मी दुसऱ्या कुणासाठी ठेवली हुती?"

कुशाबाईनं तोंडाला पदर लावला. आणि तेवढ्यात बाज करकरली. सर्जेराव उठून इंजिनापाशी आले होते. धोतराचा काचा खोचून ते सोपानच्या शेजारी उकिडवे बसले.

"बत्ती पेटव," ते म्हणाले. "आन् मगाशी तू जोत काढल्या काढल्या मेण टेकवलंस. निम्मं जळून गेलं. म्या बघितलं. आता मी सांगीन तवा."

सोपान थोरल्या भावाकडं बघत राहिला. पण सर्जेरावांसारखा गूळ त्या पंचक्रोशीत कुणाच्या कढईतून उतरत नव्हता. पाक केव्हा आला हे ते धुराच्या वासावरून सांगत. त्यांना लोखंडाचं काय कळणार, असं म्हणायची सोपानची छाती झाली नाही. त्यानं जोत धरली. सर्जेराव मान वाकडी करून सळीच्या बुडाकडं पाहत होते.

"थांब. अजून न्हाय... अजून न्हाय... जोत काढ. श्वास घे एक. आता लाव."

मेण टेकलं आणि एक थेंब वाया न जाता सरळ आत शिरलं. धूर निघालाच नाही. पाना लावल्यावर सळी लोण्यातून निघावी तशी फिरली. दुसरी तशीच. तिसरीनं थोडा हट्ट केला, तिला दोनदा पाजावं लागलं. मोडक्या सळीच्या दोन्ही बाजू सोपाननं कानशीनं घासून चपट्या केल्या, म्हणजे पाना पकडेल. तिला तापवलं, मेण पाजलं, आणि पाना धरायच्या वेळी सर्जेरावांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"तू न्हाय. तू घाई करतूस."

आवळलं, सोडलं. आवळलं, सोडलं. सर्जेरावांच्या कपाळावरचा घाम मिशीत उतरला. आणि मग ती मोडकी सळीही फिरली.

सर्जेरावांनी ती तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली आणि सोपानला म्हणाले, "मोटार आणली त्या दिशी हिंदूनं मला म्हणलं हुतं, दादा, पैला तू बस. मी म्हणलो, माझी बैलगाडी हाय. आन् गेलो बैलगाडीनं. पाच साल चालवली त्यानं, मी एक डाव बसलो न्हाय. तवापासनं हिच्याकडं बघवत न्हाय मला." एवढं बोलून ते उठले आणि हात धुवायला गेले. मोटारीचं नाव निघालं की ते का निघून जात, हे त्या दिवशी घराला कळलं.

शनिवारचा दिवस नव्या सळ्या बसवण्यात, झाकण चढवण्यात आणि मधल्या चाकीपासून बाहेर बाहेर बेतानं आवळण्यात गेला. डबीत मेण उरलं नव्हतं, नुसता पितळी तळ चमकत होता. छबूबाईनं ती घासून देवळीत ठेवली.

रविवारी सकाळी अंगणात सारजाला हळद लागत होती, आणि छपरात सोपान हँडल मारत होता. दहा वेळा, बारा वेळा. मोटार नुसतीच खोकायची. बाया उखाणे घेत होत्या, पण एक डोळा छपराकडं. सारजाला पाटावर बसवेना. हळदीनं माखलेली ती दर हँडलला मान वळवायची, आणि कुशाबाई तिचं डोकं धरून पुन्हा समोर करायची. तेवढ्यात लोखंडवाल्याची बैलगाडी दारात येऊन उभी राहिली.

गाडीवान उतरून विचारू लागला, "मोटार कुठली न्यायाची?"

सर्जेराव काही बोलणार तोच छपरात धडाड्‌धूम झालं. मागून काळ्या धुराचा लोट निघाला, मग एक सलग घरघर सुरू झाली आणि ती थांबेना. कोंबड्या छपरावर उडाल्या. लोखंडवाल्याचे बैल रिकामी गाडी घेऊन सरळ गावाबाहेर पळाले, आणि गाडीवान त्यांच्या मागं. हळदीचं ताट उपडं झालं. सारजा पाटावरून उठली आणि हळदीच्या अंगानं छपराकडं धावली, आणि तिला धरायला म्हणून धावलेल्या सगळ्या बायाही तिच्यामागोमाग छपरातच येऊन थांबल्या. सोपान हँडल हातात धरून नाचत होता. त्याच्या काळ्या तोंडावर सारजानं दोन्ही हातांनी हळद फासली.

मग सोपान चाकावर बसला आणि भोंगा दाबला. तोच जुना भोंगा. छबूबाईला क्षणभर वाटलं, तवा ठेवायला हवा. ती दारातच उभी राहिली आणि रडत हसली, हसत रडली, आणि ते तिनं कुणापासून लपवलं नाही.

पाठवणीच्या दिवशी मोटार मांडवासमोर उभी केली, झेंडूच्या माळा घातल्या. कुणीतरी नारळ घेऊन पुढं आलं, तेव्हा थोरव्यांच्या घरची झाडून सगळी माणसं एकदम ओरडली, "इंजिनावर न्हाय!" तो नारळ दहा पावलांवर दगडावर फोडला, आणि कुशाबाईनं त्यातला अर्धा चटणीसाठी पदरात टाकला.

नवरानवरी मागं बसली. सोपान चाकावर. पुढची एक जागा रिकामी होती. रीतीप्रमाणं तिथं घरचा थोरला बसायचा, सर्जेराव. व्याही मोहनरावांनीही त्यांनाच हात केला. छबूबाई मांडवाच्या मागच्या मेढीशी उभी होती, जिथं विधवेनं उभं राहायचं तिथं. ती तिथूनच लेकीला डोळे भरून बघत होती.

सर्जेरावांनी पुढचं दार उघडलं. पण आत बसले नाहीत. सगळं वऱ्हाड बघत असताना ते मागं वळले, मांडवाच्या मेढीपाशी गेले, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "छबू, चल. पुढं बस. हिंदू असता तर त्यानं लेकीला एकटीला सोडलं असतं व्हय? मी मागनं बैलगाडीनं येतो. ह्या खेपेला रुसून न्हाय, जागा न्हाय म्हणून."

कुशाबाई सवयीनं पुढं झाली, पदर सावरला आणि छबूबाईच्या कानाशी म्हणाली, "छबे, हे म्हणत्यात—"

"ऐकलं मी, आक्का," छबूबाई म्हणाली. मग तिनं पदर मागं सारला आणि सर्जेरावांकडं बघून स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "येते, दादा."